कामठी रोडचे गुरुवार

नागपूर,
३ सप्टेंबर २०२३

प्रिय अंजनाआत्या,

सप्रेम जयभीम.

भूमिकाताईच्या लग्नात तू माझ्या ओठांकडे बघत होतीस आणि मी तोंडात घास ठेवून बोलत होतो, त्यामुळे तुला अर्धंच समजलं. पूर्ण हकिगत कागदावर लिहून पाठव, मोबाईलवरची मुंगीएवढी अक्षरं मला वाचवत नाहीत, असा तुझा हुकूम होता. तेव्हा लिहितो.

आम्ही तिघांनी बँड काढला आहे. मी गातो आणि गिटार वाजवतो. ड्रमवर दुर्गेश, माझा कॉलेजपासूनचा दोस्त. लग्नात जिलेबीच्या परातीजवळून जो हलत नव्हता, तोच. बास गिटारवर दामिनी. बास म्हणजे जाड तारांची गिटार, तिचा आवाज जमिनीखालून आल्यासारखा येतो. कामठी रोडवर दुर्गेशच्या काकांचं प्लायवूडचं गोदाम आहे. तिथे आम्ही रविवारी सराव करतो, म्हणून बँडचं नावही 'कामठी रोड' ठेवलं. यापेक्षा भारी काही सुचलं नाही आणि आता पोस्टर छापून झालं आहे.

मुख्य बातमी अशी की धरमपेठेतल्या एका तळघरातल्या हॉटेलात आम्हाला दर गुरुवारची संध्याकाळ मिळाली. मालकाला सगळे बंटीभैया म्हणतात. धंतोलीतल्या लॅबमधून मी सुटतो, घरी नंदनवनला न जाता गिटार घेऊन सरळ तिकडे. बाबांना 'हॉटेल' एवढंच सांगितलं आहे. तुलाही तेवढंच सांगतो.

आम्ही वाजवतो त्याला ब्लूज म्हणतात. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं. ज्यांच्या आजी-आजोबांना बाजारात विकत घेतलं जायचं, त्यांनी ते काढलं. एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं. मधल्या जागेत गिटार बोलते. आम्ही त्यात थोडं रॉक मिसळतो, म्हणजे ड्रम जरा दणकून.

तू गायन पार्टीची मुख्य गायिका. भीमजयंतीला तुझं गाणं ऐकायला लोक ट्रॅक्टर भरून यायचे, असं बाबा सांगतात. घरात तुझी एक कॅसेट होती, ती मी टेप अडकेपर्यंत ऐकली आणि तिथूनच मला हे वेड लागलं. आणि माझं गाणं मात्र तुला कधीच ऐकता येणार नाही. याचं फार वाईट वाटतं, आत्या.

तुझा
संघपाल


बल्लारपूर,
१४ सप्टेंबर २०२३

चि. संघपाल,

जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तळघरातल्या हॉटेलात संध्याकाळी गिटार ऐकत लोक काय वरणभात खातात? तुझा बाप भोळा आहे, मी नाही. पण मी काही बोलणार नाही. आमच्या मंडपामागेही सकाळी रिकाम्या बाटल्या सापडायच्याच. समोरचा माणूस शुद्धीत आहे की नाही हे बघून आम्ही गात नव्हतो. तू मात्र पिऊन गाऊ नकोस. सूर पोटातून येतो आणि दारूही तिथेच जाते.

एक ओळ दोनदा आणि तिसरीत उत्तर, हे तू मला शिकवतोस? दोन पार्ट्यांचा मुकाबला लागला की आम्ही तेच करायचो. पहिल्यांदा म्हणायची ती पुढच्यांसाठी, दुसऱ्यांदा म्हणायची ती मागे झाडाखाली बसलेल्यांसाठी, आणि तेवढ्या वेळात मनात उत्तर जुळवायचं. विकलेल्या माणसांच्या नातवंडांनी गाणं काढलं याचंही मला नवल वाटलं नाही. दुसरं कोण काढणार?

आणि वाईट वाटून घेऊ नकोस. मला कानांनी नाही, पण तू नीट लिहिलंस तर कागदावरून ऐकता येईल. फक्त 'मस्त झालं', 'भारी झालं' असलं लिहू नकोस. त्यातून मला काय कळणार? तुला काय ऐकू आलं ते लिही. ढोल कुठून आला, तार कुठून आली, तुझा आवाज कुठपर्यंत गेला, कोण कमी पडलं, कोण जास्त झालं. भाजीत मीठ किती होतं इथपर्यंत सांग. भूमिका तान्ही होती तेव्हापासून मी गाणं ऐकलेलं नाही. फार भूक आहे रे मला.

तुझी
अंजनाआत्या


नागपूर,
२१ जानेवारी २०२४

प्रिय आत्या,

सप्रेम जयभीम.

उशीर झाला, कारण आम्ही मोठे झालो. थट्टा नाही. गुरुवारी आता तळघराच्या पायऱ्यांवरही लोक बसतात. अमरावतीला बोलावणं आलं, रायपूरला जाऊन आलो. पेपरात फोटो आला. तो बघून बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. हॉटेल कसलं आहे ते त्यांना कळलं. मग तिसऱ्या दिवशी शेजारच्या श्रीधरकाकांना तोच फोटो दाखवत होते.

हे सगळं एका गाण्यामुळे झालं. आम्ही इंग्रजीच गात होतो. एकदा सरावाला मी गंमत म्हणून आपल्या बोलीत जुळवलं. दामिनी म्हणाली, हेच गुरुवारी म्हण. बंटीभैयाने कपाळाला हात लावला, म्हणाला, "यार, यहाँ इंग्लिश चलता है." तरी म्हटलं. असं आहे:

कूलरमंधी पाणी नाही, डोळ्याले झोप नाही,
कूलरमंधी पाणी नाही, डोळ्याले झोप नाही,
तू गेली पुण्याले अन् मले सांगतलंही नाही.

लोक हसले, मग पुन्हा मागितलं. इथे प्रत्येकाचं कोणी ना कोणी पुण्याला गेलेलं आहे. आता पहिली ओळ मी म्हणतो आणि दुसरी लोकच म्हणतात.

आता तुझ्या हुकुमाप्रमाणे ऐकू आलं तसं लिहितो. माझ्या उजव्या हाताला दामिनी. सुरुवातीला तिची बास माझ्या पोटात बसायची, आताशा पातळ वाटते. ती म्हणते तार बदलली. मागे दुर्गेश. त्याच्या झांजा सुईसारख्या स्वच्छ येतात, पण पायाने वाजवायचा मोठा ढोल पलीकडच्या गल्लीत वाजतो आहे असं वाटतं. मला वाटतं कौतुकाने त्याचा पाय आळसावला आहे. माझी गिटार मधोमध, अगदी छान.

आणि एक गंमत. तळघरात एवढा गोंगाट असतो, बाकीचे एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलतात, पण मला तिथे सगळ्यांचं बोलणं स्वच्छ कळतं. उलट घरी, जिथे टाचणी पडली तरी ऐकू यावं, तिथे बाबा असे तोंडातल्या तोंडात बोलतात की तीनदा विचारावं लागतं. वय झालं त्यांचं.

आत्या, मी फार आनंदात आहे. गुरुवार संपला की मला लगेच पुढचा गुरुवार हवा असतो.

तुझा
संघपाल


बल्लारपूर,
२ फेब्रुवारी २०२४

चि. संघपाल,

जयभीम व आशीर्वाद.

कूलरचं गाणं मी भाजी चिरताना म्हणून पाहिलं. सूनबाई स्वयंपाकघरातून पळाली, म्हणजे मी जोरात म्हटलं असणार. गाणं खरं आहे. तिसऱ्या ओळीत हसू येतं आणि मग भाजी तशीच चिरायची राहते. असं उत्तर समोरच्या पार्टीने दिलं असतं तर मी उठून तिच्या पाया पडले असते.

आता मला काही गोष्टी नीट सांग. गाताना तुझा स्वतःचा आवाज तुला कसा येतो? बाहेर जातो, की डोक्यातच घुमतो? चिवडा, पापड असलं कुरकुरीत खाताना समोरचा काय बोलला ते कळतं का? दुर्गेशचा ढोल तुलाच दूर वाटतो, की दामिनीलाही?

आणि तुझा बाप, आमचा गोपाळ, तोंडातल्या तोंडात कधीपासून बोलायला लागला? लहानपणी त्याने मला हाक मारली की आळीतली कुत्री उठून उभी राहायची.

म्हातारीची हौस समज आणि उत्तर दे. टाळू नकोस.

तुझी
अंजनाआत्या


नागपूर,
१७ मार्च २०२४

प्रिय आत्या,

सप्रेम जयभीम.

तुझे प्रश्न दामिनीला वाचून दाखवले. म्हटलं, आमच्या आत्याला साउंड इंजिनिअरच करायला हवं होतं. ती हसली नाही. तिचं हल्ली लक्ष नसतं.

तर उत्तरं. माझा आवाज मला खूप मोठा येतो, मडक्यात तोंड घालून बोललं तर येईल तसा. म्हणून मी अर्ध्या आवाजातच गातो. तेवढा पुरतो. दुर्गेश म्हणतो पुरत नाही, पण तो माझ्या मागे बसतो, त्याला काय कळणार? चिवडा खाताना कोणाचं बोलणं कळत नाही, पण ते सगळ्यांचंच तसं असेल. ढोलाचं मी दामिनीला विचारलं. ती म्हणाली, ठीक आहे की. ती त्याचीच बाजू घेते.

मी गिटारसाठी मोठा अँप्लिफायर घेतला. पहिला कमी पडत होता. बंटीभैया कुरकुरतो, म्हणे काचेचे ग्लास फळीवर नाचतात. नाचू देत.

पण दुर्गेशचं काहीतरी बिनसलं आहे. मागच्या रविवारी मी त्याला सरळ विचारलं, "पाय काहून नाही मारून राहिला तू?"

त्याने स्टूल ढोलाजवळ ओढलं. मग म्हणाला, "मारतो ना गा." आणि पुन्हा सुरू. तसंच, पलीकडच्या गल्लीतून. मी ऐकलं आहे की लग्नाच्या रिसेप्शनमध्ये वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्राने त्याला विचारलं आहे. मन तिकडे असेल तर पाय इकडे कसा पडणार?

हे आत्ताच व्हायला नको होतं. पुण्याच्या एका कंपनीला कूलरचं गाणं रेकॉर्ड करायचं आहे. मे महिन्यात बोलावलं आहे. हे गाणं निघालं की आम्ही फक्त नागपूरचे राहणार नाही, आत्या. मी लॅबही सोडून देईन.

तुझा
संघपाल


बल्लारपूर,
२६ मार्च २०२४

संघपाल,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता सरळ लिहिते. तुझे कान जात आहेत.

ढोल आधी जातो, झांज राहते. गर्दीत ऐकू येतं, घरात येत नाही. स्वतःचा आवाज डोक्यात मोठा होतो म्हणून माणूस हळू गातो, आणि बाकीचं कमी वाटतं म्हणून बाकीचं वाढवत जातो. तू सगळं लिहिलं आहेस, ओळीओळीत लिहिलं आहेस, फक्त तुला ते वाचता येत नाही. मला येतं, कारण मी त्यातून गेले. तुझ्या आजीचंही तेच होतं. तिला लोक घुमी म्हणायचे, पण ती घुमी नव्हती, तिला ऐकू येत नव्हतं. माझं पहिल्या बाळंतपणानंतर सुरू झालं आणि भूमिकाच्या वेळी झपाट्याने गेलं. कोरसमधल्या बायका दम लावत नाहीत असं मला वाटायचं. शेवटी दवाखान्यात गेले तेव्हा आतली नसही गेली होती.

तुझं अजून तिथवर आलेलं नसेल. तू धंतोलीत काम करतोस. लॅबच्या दारातून दगड भिरकावलास तर कुठल्यातरी कानाच्या डॉक्टरला लागेल. पुण्याला जाण्याआधी जा.

माझं चुकलं असेल तर खुशाल हस, मी बल्लारपूरहून पेढे पाठवीन. पण मला फार भीती वाटते आहे, बाळा. माझं जे गेलं ते तुझं जाऊ नये.

आत्या


नागपूर,
९ जून २०२४

प्रिय आत्या,

जयभीम.

तुझं मार्चचं पत्र मिळालं होतं. तुझं झालं म्हणून माझंही तसंच होतं आहे, असं नाही. मला तळघरात सगळं ऐकू येतं, हे तुला आधीच लिहिलं होतं. त्या विषयावर मी बोलत नाही.

बँड संपला. तू विचारशील म्हणून लिहितो.

पुण्याची ती खोली फार शांत होती. भिंतींना स्पंज, खाली जाड गालिचा, दार लावलं की आपलाच श्वास ऐकू येतो. कानावर हेडफोन लावून एकेकाने वाजवायचं. मला दुर्गेशचा ढोल येईना. वाढवायला सांगितलं. आणखी वाढवायला सांगितलं. शेवटी तो रेकॉर्डिंगवाला म्हणाला, बटण संपलं, तुमच्या हेडफोनमधला ड्रम आता तुमच्या माइकमध्ये शिरतो आहे, असं रेकॉर्ड करता येणार नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. दुपारपर्यंत हेच चाललं.

मग माझा तोल गेला. मी दुर्गेशला सगळ्यांसमोर म्हटलं, "तुले लग्नातच वाजवाचं असन तर जा. माह्या गाण्याची वाट नको लावू."

त्याने काठ्या पिशवीत घातल्या आणि गेला. दामिनी त्याच्या मागे गेली. मी एकटा परत आलो.

नंतर दोन गुरुवार मी दामिनीशिवाय, दुसरा ड्रमर घेऊन केले. तोही तसाच निघाला. आजकाल कोणाच्याच पायात दम नाही. गाणी जमेनात, लोक उठून जायला लागले. बंटीभैयाने गुरुवारी डीजे लावला आहे. मला म्हणाला, "टेन्शन मत ले, कभी बुला लेंगे." तो बोलावणार नाही.

गिटार खोक्यात घालून माळ्यावर ठेवली. लॅबमध्ये जातो, घरी येतो. घरात कोणाशी बोलावंसं वाटत नाही. फार एकटं वाटतं, एवढंच.

संघपाल


बल्लारपूर,
१५ जून २०२४

चि. दुर्गेश,

जयभीम.

मी संघपालची आत्या. तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून तुझ्या काकांच्या गोदामावर हे पत्र पाठवते आहे. आपण लग्नात भेटलो होतो. तू मला जिलेबी आणून दिली होतीस, तेव्हा तू चांगला मुलगा असणार.

संघपालने मला बँड मोडल्याचं लिहिलं. कोण बरोबर, कोण चूक, ते मी विचारत नाही. मला एकच सांग. तू खरंच हळू वाजवत होतास का?

मला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहूनच कळव. तुझ्या उत्तरावर बरंच अवलंबून आहे.

अंजनाबाई


नागपूर,
२८ जून २०२४

आत्या,

जयभीम. मले पत्र लिहिता येत नाही. बोलतो तसंच लिहून राहिलो, समजून घ्या.

नाही आत्या, हळू नव्हतो वाजवत. माह्या ढोलाचं चामडं दोनदा फाटलं. आम्ही प्लास्टिकलेच चामडं म्हणतो, पण तेबी असं फाटत नाही कोणाचं. रात्री पायाची पिंडरी सुजून जाये. माय हळद लावून देये अन् शिव्या देये.

आमाले दिवाळीपासून मालूम होतं. पयले दामिनीच्या ध्यानात आलं. ती त्याच्या मागून बोल्ली का त्याले समजे नाही, समोरून बोल्ली का समजे. मंग आम्ही दोघांनी ठरवलं का त्याले सांगाचं नाही. तळघरात स्टेजवर गालिचा होता, तो मी बंटीभैयाले सांगून काढून टाकला. खाली लाकडाच्या पट्ट्या आहेत. ढोल पट्टीवर ठेवला का त्याचा धक्का संघपालच्या पायाले लागे. त्याले वाटे तो ऐकून राहिला. तो पायानं ऐकून राहिला होता. अन् दामिनी गाण्याच्या वळणावर त्याच्याकडे पाहून मान हलवे, म्हणून तो कधी चुकला नाही. पुण्याच्या खोलीत गालिचा काढू देत नव्हते. तिथं आमचं काहीच चाललं नाही.

तुम्ही म्हणसान, सांगतलं काहून नाही. सांगतलं असतं तर त्यानं त्याच दिवशी गाणं सोडलं असतं. तसाच आहे तो. अन् आमाले त्याचं गाणं पायजे होतं. आमचा स्वार्थच म्हणा. गुरुवारी त्याच्या मागं बसून वाजवण्यासारखं सुख मले दुसरं भेटलं नाही.

मी रागावलो नाही असं नाही म्हणत. लय लागलं मले. आता खरंच लग्नात वाजवतो.

त्याले दवाखान्यात न्या, आत्या. आमच्याच्यानं झालं नाही.

दुर्गेश


बल्लारपूर,
४ जुलै २०२४

संघपाल,

सोबत दुर्गेशचं पत्र आहे. त्याला न विचारता पाठवते आहे, तो रागावला तर माझ्यावर रागावू दे. दोनदा वाच. एकदा तुझ्यासाठी आणि एकदा मागे बसलेल्यासाठी.

मग धंतोलीत जा. नाही गेलास तर मी नागपूरला येऊन तुझ्या लॅबच्या पायरीवर बसेन. तू काहीही सबब सांगितलीस तरी मला ऐकू येणार नाही, हे लक्षात ठेव.

आत्या


नागपूर,
१२ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

सप्रेम जयभीम.

तुला मी मधून मधून चार ओळी टाकत होतो, पण सविस्तर लिहायला आज बसलो. त्याआधी लिहिलं असतं तर नीट लिहिता आलं नसतं.

दुर्गेशचं पत्र वाचून मी तीन आठवडे घरातच घालवले असते, पण तू खरंच पायरीवर येऊन बसशील याची मला खात्री होती. म्हणून गेलो. आमच्या लॅबच्या दोन इमारती सोडून कानाचा दवाखाना आहे. रोज त्यावरूनच जात होतो. तिथेही पुण्यासारखीच एक शांत खोली होती, तसेच हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. मी बराच वेळ बटण दाबलं नाही तेव्हा काचेपलीकडच्या बाईंकडे बघितलं. आवाज सोडायच्या बटणावर त्यांचा हात तर सारखा चालू होता. तिथेच मला कळलं.

डॉक्टर म्हणाले, कानात एक इवलंसं हाड असतं, ते हलायचं थांबलं आहे, घराण्यातून येतं. तुझं आणि आजीचं सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली. ऑक्टोबरात उजव्या कानाचं ऑपरेशन केलं. हाडाच्या जागी तांदळाच्या कणीएवढा तुकडा बसवला. डाव्याचं नंतर करू म्हणतात. त्यांनी तुलाही एकदा घेऊन यायला सांगितलं आहे. फार आशा लावली नाही, पण कानाला लावायच्या हल्लीच्या यंत्रांनी थोडं तरी ऐकू येईल म्हणाले. तुझं जुनं यंत्र नुसती भांडी आपटल्यासारखं वाजायचं, हे मी त्यांना सांगितलं. तरी ये.

कानातला कापूस काढला त्या दिवशी सगळंच टोचायला लागलं. प्लास्टिकची पिशवी, नळ, चपला. आणि बाबा तोंडातल्या तोंडात बोलत नाहीत. कधीच बोलत नव्हते.

गाण्याचं विचारशील. कामठी रोड आता होणार नाही. मोठ्या आवाजाजवळ उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. दामिनीला हैदराबादला नोकरी लागली. गोदामात पुन्हा प्लायवूड भरलं आहे. घरी मी बिनअँप्लिफायरची गिटार वाजवतो, बाबा बसून ऐकतात. याचं दुःख आहेच, लपवत नाही. रस्त्यात अजून कोणीतरी थांबवतं, म्हणतं, "भाऊ, गुरुवार काहून बंद केला?"

परवा दामिनीने एक रेकॉर्डिंग पाठवलं. पुण्याला जायच्या आधीच्या गुरुवारचं, तिने मोबाईलवर घेतलेलं. म्हणाली, आता तुला देता येईल. तू मला सांगितलं होतंस, काय ऐकू आलं ते लिही, म्हणून हे लिहितो.

आधी माझी गिटार येते. करवतीसारखी, सगळ्यांच्या वर. इतकी मोठी की लाज वाटते. मग दुर्गेशचा ढोल. आत्या, मी असा ढोल आजवर कोणाचा ऐकलेला नाही. जीव तोडून मारतो आहे आणि तरी एकदाही पुढे पळत नाही, माझी वाट बघतो. दामिनीची बास त्याच्याखाली घट्ट. मग कूलरचं गाणं सुरू होतं, आणि मी माझा आवाज शोधायला लागलो. तो नाहीच. पहिल्या ओळीपासून नाही. गातात ते लोक. पहिली ओळही लोक, दुसरीही लोक, तिसरीही लोकच. आणि प्रत्येक ओळ सुरू व्हायच्या जरा आधी मागून एकजण तिचा पहिला शब्द ओरडतो, म्हणजे लोकांना ती धरता येते. तो दुर्गेश. त्याच्यापुढे माइक नव्हता. वाजवता वाजवता तो घसा फोडून ओरडत होता. त्या दिवशी घरी येऊन मी बाबांना म्हणालो होतो की आज माझा आवाज फार छान लागला.

मी ते पुन्हा लावलं नाही. त्याला फोन केला. पुण्यानंतर पहिल्यांदा. बराच वेळ वाजला, मग त्याने उचलला.

"हाव, बोल संघ्या, मी दुर्गेश बोलून राहिलो, दुर्गेश," तो ओरडला. पुण्याला जाईपर्यंत सहा महिने तो माझ्याशी असाच ओरडून बोलत होता. मला वाटायचं त्याचा आवाजच तसा आहे.

मी म्हटलं, "हळू बोल गा. ऐकू येते मले."

पलीकडे तो गप्प झाला. मला वाटलं फोन कट झाला. पण नव्हता झाला. तो रडत होता, अगदी हळू, फोन तोंडापासून लांब धरून, आणि ते मला ऐकू येत होतं.

तुझा
संघपाल